सेंद्रिय अंड्यांच्या मळ्याला भेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात आमचा मळा आहे. घरचीच माणसं राबतात: सासूबाई, मी, माझे यजमान, धाकटे दीर आणि जाऊबाई. कोंबड्या, त्यांच्या खाद्याचं शेत आणि अंडी निवडून भरायची खोली असं सगळं एकाच बांधाच्या आत आहे. ते बघायला पुण्या-मुंबईहून, साताऱ्याहून, कधी शेजारच्या तालुक्यांतून लोक येतात. येण्याआधी जे विचारलं जातं आणि आल्यावर जे विचारलं जातं, ते इथे लिहून ठेवलं आहे.

येण्याआधी कळवावं लागतं का?

हो, निदान दोन दिवस आधी. आम्हाला दिवस ठरवून कामं लावावी लागतात. एका वेळी पंधराच्या वर माणसं घेत नाही. गर्दी वाढली की कोंबड्या बुजतात आणि बुजलेल्या कोंबडीची अंडी दुसऱ्या दिवशी कमी होतात. सोमवारी भेट नसते, त्या दिवशी खाद्य दळतो.

मळ्यावर कसं पोचायचं?

आधी एक सूचना. नकाशात नुसतं ‘कोरेगाव’ लिहू नका. पुण्यात कोरेगाव पार्क आहे, पुणे जिल्ह्यात कोरेगाव भीमा आहे, आणि तिथे पोचलेल्या माणसांचे फोन आम्हाला येतात. ‘कोरेगाव, जिल्हा सातारा’ असंच लिहा.

पुण्याहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने सातारा सुमारे ११० किलोमीटर. साताऱ्यातून पूर्वेला कोरेगाव सुमारे २० किलोमीटर. सातारा स्टँडवरून कोरेगावच्या एसटी मिळतात. रेल्वेने यायचं तर पुणे-मिरज मार्गावर कोरेगाव स्टेशनच आहे, तिथे उतरलेलं बरं. सातारा स्टेशन शहराबाहेर माहुलीला आहे, तिथून पुन्हा गाडी बघावी लागते. कोरेगावातून वस्तीपर्यंतची वाट फोनवर सांगतो. शेवटचा तुकडा कच्चा आहे. पावसाळ्यात मोटार ओढ्याअलीकडे लावून दहा मिनिटं चालायची तयारी ठेवा.

किती वाजता यावं? कोणता हंगाम चांगला?

सकाळी आठपर्यंत पोचा. बहुतेक कोंबड्या दुपारच्या आत अंडी घालतात. दोनच्या फेरीनंतर आलात तर खोकी रिकामी दिसतील आणि कोंबड्या आंब्याखाली मातीत लोळत असतील. तेही बघण्यासारखं आहे, पण अंड्याचं काम तोवर निम्म्यावर आलेलं असतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा उत्तम. मात्र डिसेंबरात आमच्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो आणि कोंबडीला भरपूर अंडी घालायला १४ ते १६ तास उजेड लागतो. म्हणून थंडीत माणसांना बरं वाटतं तेव्हा अंडी थोडी कमी असतात. मोठ्या पोल्ट्रीत रात्री दिवे लावून ही तूट भरतात. आम्ही पहाटे तास-दोन तास एकच दिवा लावतो, त्यापुढे ताणत नाही. एप्रिल-मेमध्ये या, पण अकराच्या आत निघायच्या बेताने.

नेमकं काय काय बघायला मिळतं?

सुरुवात कोंबड्यांच्या घरापासून होते. आत दाट अंधाराचा एक कोपरा आहे, तिथे भिंतीला लाकडी खोकी, तळाला भाताचं तूस आणि पुढे गोणपाटाचा पडदा. कोंबडीला अंडं घालायला अंधार आणि आडोसा लागतो. पडदा जरा बाजूला करून एका वेळी एकाच माणसाला आत बघू देतो. नशीब असेल तर अंडं बाहेर येताना दिसतं. कोंबडी बसलेली असते ती अर्धवट उठते, पिसं फुलवते, आणि अंडं तुसावर पडतं तेव्हा ते ओलं, चकचकीत असतं. बघता बघता ती चमक जाते. तेवढ्यात त्याच्यावरचा ओला थर वाळलेला असतो. हातात दिलं तर ते चांगलंच ऊन लागतं, कारण कोंबडीच्या अंगाची उष्णताच ४१ अंशांच्या आसपास असते.

मग गोळा करणं. सकाळी नऊ, अकरा आणि दुपारी दोन अशा तीन फेऱ्या असतात, उन्हाळ्यात चार. बांबूच्या पाटीत तूस घालून त्यात अंडी ठेवतो, प्लास्टिकच्या बादलीत नाही, बादलीत तळाची अंडी तडकतात. पाहुण्यांनाही गोळा करू देतो. हात धुवायचे, अंगठी काढून ठेवायची.

त्यानंतर अंड्यांची खोली. इथे निवड होते: स्वच्छ, किंचित डागाळलेली, मळलेली, तडकलेली, वेडीवाकडी. स्वच्छ अंडी बॅटरीच्या उजेडासमोर धरून बघितली जातात, वजन होतं, टोकदार बाजू खाली करून कागदी ट्रेमध्ये भरली जातात आणि ट्रेवर तारीख पडते. वजनाचे गट ॲगमार्कच्या धर्तीवर आहेत: ६० ग्रॅम आणि वर, ५३ ते ५९, ४५ ते ५२, आणि ३८ ते ४४. गावठी कोंबडीची अंडी बहुधा शेवटच्या दोन गटांत येतात.

शेवटी थंड खोली. विटांची दुहेरी भिंत आणि मधल्या फटीत ओली वाळू. कृषी खात्याची माणसं याला शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात. वीज गेली तरी आत गारवा राहतो आणि हवेत ओलावा असल्यामुळे अंडी सुकत नाहीत. फक्त पाणी भिंतीतून आत ठिबकणार नाही हे बघावं लागतं.

मशीन कुठे आहे?

मशीन नाही. वजनकाटा, बॅटरीचा डबा आणि खाद्य दळायची चक्की एवढीच यंत्रं. कारखाना बघायला मिळेल या अपेक्षेने आलात तर हिरमोड होईल, म्हणून आधीच सांगितलं.

अंडी धुता का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर समजलं तर आमचं निम्मं काम समजलं.

अंड्याच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात. पिल्लू वाढलं असतं तर त्यातूनच त्याला हवा मिळाली असती. अंडं बाहेर पडताना त्यावर जो ओला थर असतो, तो वाळून या छिद्रांची तोंडं झाकतो. अंडं धुतलं की तो थर जातो. त्यात पाणी गार असेल तर आणखी वाईट: आतला भाग आकसतो आणि कवचावरची घाण पाण्याबरोबर छिद्रांतून आत ओढली जाते. दिसायला अंडं पांढरंशुभ्र, पण टिकायला कमी आणि खायला धोक्याचं. अमेरिकेत बाजारातली अंडी धुतात, पण ऊन पाण्याने, ठरलेल्या पद्धतीने, आणि त्यानंतर ती सतत थंडाव्यात ठेवावी लागतात. युरोपात दुकानात जाणारी पहिल्या दर्जाची अंडी सहसा धूत नाहीत. आपल्याकडे मळ्यापासून तुमच्या घरापर्यंत फ्रिजची साखळी नाही, तेव्हा न धुणंच शहाणपणाचं.

मग अंडी स्वच्छ कशी? सासूबाई म्हणतात, “अंडं धुवायची येळच येऊ द्यायची न्हाई.” म्हणजे काम अंड्यावर करायचं नाही, खोक्यावर करायचं. तूस ओलं झालं की लगेच बदलायचं. रात्री खोक्यांची तोंडं बंद करायची, नाहीतर कोंबड्या त्यातच झोपतात आणि घाण करतात. बसायच्या दांड्या खोक्यांपेक्षा उंच ठेवायच्या, कारण कोंबडीला झोपायला वरची जागा हवी असते. पावसाळ्यात बाहेरून येणाऱ्या वाटेवर खडी टाकायची, म्हणजे चिखलाचे पाय आत येत नाहीत. एवढं केलं की मळकी अंडी फार कमी निघतात. किंचित डाग असेल तर कोरड्या काथ्याने हलकेच पुसतो. जास्त मळलेलं अंडं विकत नाही. ते घरात त्याच दिवशी धुऊन, नीट शिजवून संपवतो.

ही सगळी मेहनत अंडं पडण्याआधीची आहे. त्यामुळे ‘प्रक्रिया’ बघायला आलेल्यांना आम्ही आधी झाडू, तूस आणि दांड्या दाखवतो.

बॅटरीच्या उजेडात काय दिसतं?

पत्र्याच्या डब्याला रुपयाएवढं भोक आणि आत दिवा. खोली अंधारी करून अंड्याची बोथट बाजू त्या भोकाला लावली की अख्खं अंडं आतून उजळतं. वरच्या टोकाला हवेची पोकळी दिसते. ताज्या अंड्यात ती जेमतेम असते. दिवस जातात तसं कवचातून पाणी उडून जातं आणि पोकळी वाढते. ॲगमार्कच्या ‘ए’ दर्जाला ती ४ मिलिमीटरपर्यंत चालते. मधे बलकाची धूसर सावली, अंडं फिरवलं की जरा उशिराने हलणारी. केसाएवढी चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, इथे ती पांढऱ्या रेघेसारखी उठते. कधी आत रक्ताचा बारीक ठिपका असतो. बीजांड सुटताना एखादी सूक्ष्म रक्तवाहिनी फुटली तर तो येतो. शिजवून खायला हरकत नाही, पण गिऱ्हाइकाला नको वाटतं म्हणून ते अंडं आम्ही घरी ठेवतो.

ही जागा मुलांना सगळ्यात आवडते. प्रत्येकाला एक अंडं धरून बघू देतो, घाई करत नाही.

अंडी सेंद्रिय आहेत हे कशावरून मानायचं?

विचारायलाच हवं. भारतात यासाठी दोन मार्ग आहेत. एक अपेडाचा, म्हणजे केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेचा, राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. त्यालाच एनपीओपी म्हणतात. यात त्रयस्थ संस्था तपासणी करते. दुसरा पीजीएस-इंडिया. यात पाच किंवा जास्त शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो आणि एकाने नियम मोडला तर गटाला जाब द्यावा लागतो. २०१७ च्या सेंद्रिय अन्नाच्या नियमांनी या दोन्ही पद्धती मान्य केल्या आणि ‘जैविक भारत’ हे चिन्ह आणलं. आम्ही पीजीएस गटात आहोत. गटाची वही खोलीतच टांगलेली आहे. खाद्य कुठून आलं, कोणतं औषध कधी दिलं, किती कोंबड्या मेल्या, सगळं त्यात आहे. उघडून वाचा.

मुळात सेंद्रिय अंडं शेतापासून सुरू होतं. कोंबडीचं खाद्य सेंद्रिय हवं, म्हणजे ज्या रानात मका पिकला ते रान सेंद्रिय हवं. वर्षभराच्या पिकांना रान बदलायला निदान दोन वर्षं लागतात. त्या दोन वर्षांत रासायनिक खत नाही, तणनाशक नाही, आणि मालाला सेंद्रिय म्हणताही येत नाही. बहुतेक जण इथेच थांबतात. शिवाय पिंजरा चालत नाही, खाद्यात रोजचं प्रतिजैविक चालत नाही, बलकाचा रंग वाढवायची पावडर चालत नाही.

कागद महत्त्वाचा आहेच. तरी माझं मत असं की अंडी ज्या मळ्याची घेता तो एकदा पायांनी फिरून बघावा. मळा कसा वास मारतो यावरून खूप कळतं. डोळे चुरचुरतील असा अमोनियाचा वास आला तर समजा की कोंबड्यांच्या पायांखालची गादी ओली आहे आणि कोंबड्या दाटीत आहेत.

सेंद्रिय आणि गावरान एकच का?

नाही. गावरान म्हणजे जात, सेंद्रिय म्हणजे पाळायची आणि खाऊ घालायची पद्धत. गावठी कोंबडी बाजारचं औषधी खाद्य खाऊन वाढली तर तिचं अंडं सेंद्रिय नाही. उलट सुधारित जातीची कोंबडी सेंद्रिय पद्धतीने वाढवता येते. आमच्याकडे थोड्या गावठी आहेत आणि जास्त ग्रामप्रिया आहेत. ही जात हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केली.

बाजारात ‘गावरान’ म्हणून विकली जाणारी काही अंडी म्हणजे चहाच्या पाण्यात रंगवलेली पांढरी अंडी असतात. शंका आली तर ओल्या कापडाने चोळून बघा.

कोंबड्या काय खातात?

मका, ज्वारी, भाजलेलं सोयाबीन, तिळाची पेंड, थोडी सुकट, आणि चुनखडीसाठी शिंपल्यांचा चुरा. सोयाबीन कच्चं देत नाहीत, त्यातल्या एका घटकामुळे प्रथिनं पचत नाहीत; भाजल्यावर तो दोष जातो. तीळ कशाला, असं विचारतात. मोठ्या पोल्ट्रीत मिथिओनिन नावाचं अमिनो आम्ल कारखान्यात तयार केलेलं मिसळतात. सेंद्रियमध्ये ते टाळायचं असतं, आणि तिळाच्या पेंडीत ते निसर्गतःच चांगलं असतं. त्याशिवाय लसूणघास, शेवग्याचा पाला, हौदातला अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणारी बारीक वनस्पती. बाकी किडे, गवताचं बी, पडलेली जांभळं त्या स्वतःच शोधतात.

मक्याला बुरशी लागली तर सगळं वाया. म्हणून मका कडक वाळवल्याशिवाय पोत्यात भरत नाही. दाताखाली दाणा कट्कन फुटला पाहिजे.

एक गंमत जरूर बघा. शिंपल्यांचं भांडं आम्ही वेगळं ठेवतो. सकाळी त्याला कुणी तोंड लावत नाही. दुपारनंतर तिथे गर्दी होते. कवच रात्रभर चढत असतं, जवळजवळ वीस तास लागतात, आणि त्यासाठी लागणारं कॅल्शियम कोंबडी आधीच पोटात भरून ठेवते. तिला कुणी शिकवलेलं नाही.

औषधं अजिबात देत नाही का? लसही नाही?

लस देतो. सेंद्रियमध्ये लशीला मनाई नाही आणि मनाई आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, एकदा शिरली तर आठवड्यात कोंबड्यांचं घर ओस पडतं. तिची लस, गंबोरो रोगाची आणि कोंबड्यांच्या देवीची लस वेळापत्रकाप्रमाणे होते.

प्रतिजैविक आजारी कोंबडीला डॉक्टरांनी सांगितलं तर देतो. तिला वेगळं ठेवतो आणि तिची अंडी विकत नाही. आजार नसताना वाढीसाठी औषध द्यायची पद्धत मात्र वाईटच. कोलिस्टिन हे माणसाच्या अगदी शेवटच्या उपायांतलं औषध कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास पडत होतं, २०१९ मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. उवा-पिसवांना राख आणि कोरडी माती पुरते, आंब्याखाली कोंबड्यांना लोळायचे खड्डे त्यासाठीच आहेत.

एकाएकी कोंबड्या मरू लागल्या तर आम्ही अंदाज बांधत बसत नाही. नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जातो. शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे, तोही मोठा आधार.

फाटकाशी चपला औषधाच्या पाण्यात का बुडवायच्या?

रोग माणसाच्या पायाने येतो. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला आणि तिथल्या लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पोल्ट्रीवाल्याला नवापूरचं नाव काढलं तरी आजही धस्स होतं. म्हणून गेल्या तीन दिवसांत दुसऱ्या पोल्ट्रीवर, चिकनच्या दुकानाच्या मागच्या भागात किंवा कोंबडी बाजारात गेला असाल तर कृपा करून तारीख पुढे ढकला. राग मानू नका, सख्ख्या भावालाही आम्ही हेच सांगतो.

बलक किती केशरी असतो? तो जितका गडद तितकं अंडं चांगलं का?

रंग खाद्यातून येतो. पिवळा मका, हिरवा पाला, झेंडूच्या पाकळ्या खाल्ल्या की बलक गडद. पावसाळ्यात आमचा बलक केशरी असतो, मेमध्ये रान वाळलं की फिकटतो. कारखान्यातला रंग खाद्यात घालून वर्षभर गडद बलक मिळवता येतो, तेव्हा रंगावरून सेंद्रिय ओळखायला जाऊ नका.

तपकिरी अंड्यात ताकद जास्त असते ना?

नाही. कवचाचा रंग जातीवर ठरतो. लेगहॉर्न पांढरी घालते, दुसरी तपकिरी. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, आणि त्यात आमच्या अंड्यात आणि दुकानातल्या अंड्यात सांगण्यासारखा फरक नाही. हिरवा पाला खाणाऱ्या, फिरणाऱ्या कोंबडीच्या बलकात काही चांगले घटक वाढतात, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. आमचं अंडं मधुमेह बरा करतं, असं आम्ही कुठेही लिहिलेलं नाही.

अंड्यात पिल्लू असतं का? कोंबडे कशाला ठेवता?

कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते, त्यातून पिल्लू कधीच होत नाही. पोल्ट्रीतली अंडी अशीच असतात. आमच्याकडे कोंबडे आहेत. ते घारीची सावली पडली की ओरडून सगळ्यांना झुडपात पाठवतात, मुंगसाची चाहूल त्यांनाच आधी लागते. त्यामुळे आमची काही अंडी फलित असतात. ती उबवल्याशिवाय पिल्लू वाढत नाही. उबवण २१ दिवसांची.

पण फलित अंड्यातला अंकुर २१-२२ अंशांच्या वर हळूहळू जागा होऊ लागतो आणि आमच्याकडे एप्रिलात पारा ३८ च्या पुढे जातो. त्यामुळे मार्च ते मे कोंबडे वेगळ्या कुंपणात असतात. वेगळे केल्यावरही दोनेक आठवडे अंडी फलित निघू शकतात, म्हणून ते काम फेब्रुवारीच्या शेवटीच करतो. तुम्हाला फलित अंडं नकोच असेल तर स्पष्ट सांगा. त्या महिन्यांतली अंडी घ्या, किंवा कोंबडा नसलेल्या दुसऱ्या कप्प्यातली देतो.

अंडी इतकी महाग का?

हिशेब मांडते. एक कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला ४० किलोच्या वर. पिंजऱ्यातली पोल्ट्रीची कोंबडी त्यावर वर्षाला ३०० हून जास्त अंडी देते. आमच्या ग्रामप्रियांची सरासरी त्याच्या निम्म्याच्या थोडी वर. गावठी तर वर्षाला ६० ते ८०, त्यात ती खुडूक बसली की महिनाभर काही नाही. खाद्य तेवढंच, अंडी निम्मी. म्हणजे पोल्ट्रीत एका अंड्यामागे १३०-१४० ग्रॅम खाद्य जातं, तर आमच्याकडे पाव किलो. वर ते खाद्य सेंद्रिय, ज्याचं एकरी उत्पन्न सुरुवातीला कमी. घार, मुंगूस आणि साप आपला वाटा नेतात तो वेगळाच.

घासाघीस करू नका. परवडत नसेल तर रोज न घेता आठवड्याला सहा घ्या, लहान मुलांपुरती. साधं पोल्ट्रीचं अंडंही चांगलं अन्न आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही.

नर पिल्लांचं आणि म्हाताऱ्या कोंबड्यांचं काय करता?

मुलं हा प्रश्न थेट विचारतात, मोठे बाजूला घेऊन विचारतात. उत्तर दोघांनाही सारखंच देतो. फक्त अंड्यांसाठी काढलेल्या जातींत नर पिल्लू निरुपयोगी ठरतं आणि बहुतेक देशांतल्या उबवणी केंद्रांत ते पहिल्याच दिवशी मारलं जातं. आम्ही ग्रामप्रियाची नर-मादी मिसळ पिल्लं घेतो, नर वाढवतो आणि मांसासाठी विकतो. कोंबड्या दोन-अडीच वर्षांनी अंडी फार कमी देऊ लागल्या की त्याही गावात विकल्या जातात. सगळ्यांना मरेपर्यंत पोसणं आम्हाला परवडत नाही. तोवर त्यांना ऊन, माती, सावली आणि पोटभर खाणं मिळावं, चोच कापलेली नसावी, ही आमची जबाबदारी आणि ती आम्ही पाळतो. तुम्हाला हे पटलं नाही तर तो तुमचा हक्क आहे.

अंडी घेऊन जाता येतात का? किती दिवस टिकतात?

येतात. कुरियर करत नाही. एसटीने जाणार असाल तर डब्यात तुसाचे थर देऊन भरून देतो, मांडीवर ठेवा. मोटारीच्या डिकीत उन्हात ठेवू नका.

घरी न धुता, टोक खाली करून, गार जागेत ठेवली तर थंडीत दोन आठवडे, उन्हाळ्यात आठवडाभर बाहेर राहतात. फ्रिजमध्ये महिनाभर. एकदा फ्रिजमध्ये ठेवलेलं अंडं पुन्हा बाहेर काढून ठेवू नका, त्यावर दव धरतं आणि ओलं कवच म्हणजे जंतूंना वाट. वापरायच्या आधी धुवायचं असेल तर धुवा, लगेच फोडा. आणि पूर्ण शिजवून खा. सेंद्रिय अंड्यातही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. कच्चं अंडं दुधात घालून पोरांना पाजायची जुनी सवय आम्ही आमच्या घरातही बंद केली.

शंका असेल तर पाण्यात सोडा: ताजं तळाला आडवं बसतं, जुनं उभं राहतं, तरंगलं तर टाकून द्या.

तुमची अंडी उकडल्यावर सोलत नाहीत, असं का?

ताजी आहेत म्हणून. ताज्या अंड्यातला पांढरा भाग आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून असतो. आठवडाभरात आतला कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून निघून जातो आणि ही पकड सैल होते. उकडायची अंडी पाच-सहा दिवस थांबवून घ्या, आम्लेटला आजची.

प्लास्टिकची अंडी खरंच असतात का?

नाही. कवचाखालचा पापुद्रा वाळला की प्लास्टिकसारखा दिसतो आणि जाळला की केस जळल्यासारखा वास येतो, कारण तो प्रथिनांचाच आहे. व्हिडिओ बघून घाबरलेल्यांना आम्ही तो पापुद्रा हातात देतो.

श्रावणात भेट चालू असते का?

चालू असते, उलट तेव्हा निवांत वेळ असतो. श्रावणात आणि नवरात्रात विक्री उतरते, पण कोंबडीला उपास नाही, अंडी येतच राहतात. तुम्ही अंडं खात नसाल, शिवत नसाल तरी या. कोंबड्या, अझोल्याचा हौद, खाद्याचं रान बघा. माळकरी मंडळीही येऊन जातात.

जेवणाची सोय आहे का?

आधी सांगितलं तर घरचं जेवण: ज्वारीची भाकरी, अंड्याचा रस्सा किंवा पिठलं, खर्डा, ताक. घेवड्याच्या दिवसांत वाघ्या घेवड्याची उसळ असते. तो कोरेगावचाच, २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

लहान मुलं, शाळेची सहल, कुत्रं, कॅमेरा?

मुलं जरूर, पण कोंबडीमागे धावायचं नाही आणि भेटीनंतर साबणाने हात. शाळांचे गट पंधरा-पंधरांचे करून दोन दिवसांत आणा. कुत्रं आणू नका, गाडीतही नको. फोटो काढा, फ्लॅश बंद ठेवून. अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाबद्दल आधी सांगा.

मलाही हे सुरू करायचं आहे. माहिती द्याल?

देऊ, त्यासाठी दुपार राखून या. राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनाच्या प्रकल्पाला ५० टक्के, जास्तीत जास्त २५ लाखांपर्यंत अनुदान आहे. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात चौकशी करा. पण त्या आकड्याकडे बघून शेड बांधू नका. आधी पन्नास कोंबड्या एक पावसाळा आणि एक उन्हाळा सांभाळून बघा, खाद्य स्वतःच्या रानात पिकवून बघा, आणि अंडी कुणाला विकणार त्या घरांची यादी करा. ज्याच्याकडे रान नाही आणि बाजारातूनच सेंद्रिय मका घ्यायचा आहे, त्याला मी हा धंदा करा असं सांगणार नाही.

ऐनवेळी यायचं रद्द झालं तर?

फोन करा, तेवढं पुरे. आगाऊ पैसे घेत नाही. जोराचा पाऊस लागला किंवा कोंबड्यांत आजाराची नुसती शंका आली तर आम्हीही भेट रद्द करतो, अगदी तुम्ही साताऱ्यापर्यंत आलेले असाल तरीही. म्हणून निघायच्या दिवशी सकाळी सहाला एकदा फोन करून मगच गाडी काढा. त्या वेळी सासूबाई हमखास जाग्या असतात.